बैठक आणि गुडघा : तालमीची मात्रा व १९६१ चा वाद

इ. स. १९६१ या वर्षी परस्परांशी कोणताही संबंध नसलेल्या दोन घटना घडल्या. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये अस्तित्वात आले आणि पुढच्याच वर्षी 'महाराष्ट्र केसरी' या किताबाची पहिली कुस्तीस्पर्धा औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे भरली. दिनकर दह्यारी हे तिचे पहिले मानकरी ठरले. त्याच वर्षी अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाईन या अध्यापकाने एक लेख प्रसिद्ध केला. खांद्यावर वजन घेऊन पूर्ण खोल बैठक मारणाऱ्यांच्या गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात, असे त्यात प्रतिपादिले होते. औरंगाबादच्या फडात उतरलेले मल्ल ज्या मेहनतीवर वाढले होते, तिचा निम्मा भाग बैठकांचाच होता. एकीकडे खोल बैठकीच्या जोरावर कमावलेल्या शरीरांना राज्याचा सर्वोच्च मान मिळत असता, दुसरीकडे तीच हालचाल आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली जात होती. या दोन जगांची त्या वेळी गाठ पडली नाही. ती पुढे, बारबेल व व्यायामशाळा गावोगाव पोचल्यावर पडली, आणि मग तालमीची बैठक व वजनाची बैठक यांचा एकच निकाल लावण्याची चूक रूढ झाली. गुडघ्याच्या दुखण्याचा वाद खोलीच्या नावाने खेळला गेला. तालमीने शतकानुशतके हाताळलेला प्रश्न मात्र मात्रेचा होता, हे या इतिहासाकडे पाहिल्यास ध्यानात येते.

प्रथम हालचाल स्पष्ट करणे अवश्य आहे. तालमीतील साध्या बैठकीत पैलवान अनवाणी उभा राहतो, हात झुलवीत खाली जातो, जाताना टाचा उचलतो, गुडघे पायाच्या बोटांच्या बरेच पुढे येतात आणि नितंब टाचांपाशी पोचताच तो पुन्हा उसळून उभा राहतो. श्वास व हात यांची लय एक असते. अंगावर स्वतःच्या देहाखेरीज वजन नसते. मेहनतीचे मोजमाप केवळ संख्येने होते. बारबेलच्या बैठकीत याच्या उलट व्यवस्था असते. टाच जमिनीस चिकटलेली, पाठीवर लोखंडी दांडी व चकत्या, आणि आवर्तने पाच-दहा. सत्तर किलो वजनाचा मल्ल हजार बैठका मारतो आणि तितक्याच वजनाचा भारोत्तोलक पाठीवर एकशेचाळीस किलो घेऊन पंचवीस बैठका मारतो, तेव्हा दोघेही 'बैठक मारली' असेच म्हणतात. परंतु गुडघ्याच्या दृष्टीने ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्यात प्रत्येक वेळचा भार थोडा व आवृत्ती प्रचंड, दुसऱ्यात भार प्रचंड व आवृत्ती थोडी. एकाविषयीचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही. पुढील साऱ्या गोंधळाचे मूळ या साध्या भेदाकडे झालेल्या दुर्लक्षात आहे.

श्रमाचे असे प्रकार पाडण्याची दृष्टी या भूभागात जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील 'मानसोल्लास' हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. कल्याणी, म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, मराठवाड्याच्या वेशीवर असून पुढे दीर्घकाळ मराठवाड्याबरोबरच निजामी राज्यात होते. या ग्रंथातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांची वर्गवारी, त्यांचा आहार आणि त्यांचे श्रम सांगितले आहेत. भारश्रम, भ्रमणश्रम, सलिलश्रम, बाहुपेल्लणकश्रम आणि स्तंभश्रम अशी श्रमांची नावे तेथे येतात. यात वजनाचा श्रम स्वतंत्र गणला आहे, चालण्या-धावण्याचा स्वतंत्र, पोहण्याचा स्वतंत्र. सोमेश्वराचा ग्रंथ वर्णनात त्रोटक आहे आणि त्यातून आजच्या बैठकीचा उगम दाखविण्याचा मोह आवरावा हे बरे. तथापि श्रमाचा प्रकार बदलला की त्याचा देहावरील परिणाम बदलतो, ही समज त्या वर्गवारीमागे उघड दिसते.

मात्रेचा विचार त्याहूनही जुना असून तो वैद्यकाचा आहे. व्यायाम आपल्या अर्ध्या बळाइतकाच करावा, असे सुश्रुत व वाग्भट या दोघांचेही सांगणे आहे. अर्धे बळ संपले हे ओळखण्याची खूणही सुश्रुताने दिली आहे : श्वास तोंडावाटे येऊ लागणे. वाग्भट पुढे जाऊन ऋतूची जोड देतो. शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीने, इतर ऋतूंत त्याहून कमी, आणि व्यायामानंतर अंगमर्दन. गुडघ्याचा सांधा सुश्रुताने मर्मांत गणला आहे. जानुमर्म हे वैकल्य आणणाऱ्या मर्मांपैकी असून त्यास इजा झाल्यास माणूस लंगडा होतो, असे तो म्हणतो. हे मर्म आघाताच्या संदर्भात सांगितले आहे, व्यायामाच्या नव्हे, हे विसरता कामा नये. पण ज्या परंपरेत गुडघा नाजूक सांधा मानला गेला, त्याच परंपरेत गुडघा पूर्ण वाकविणारी मेहनत पैलवानाच्या दिनचर्येचा कणा बनली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. परंपरेला यात विरोध दिसला नाही, कारण तिने वाकविण्याला दोष न देता अतिरेकाला दोष दिला.

तालमीत ही मात्रा पोथीतून येत नसे; ती वस्तादाच्या नजरेतून येई. नवख्या पोराला पहिल्या दिवशी किती बैठका द्यावयाच्या, महिन्याने किती वाढवावयाच्या, जत्रेचा फड जवळ आला म्हणजे मेहनत घटवून लढतीवर जोर केव्हा द्यावयाचा, हा सारा हिशेब वस्तादाच्या डोक्यात असे. गुडघा धरला तर बैठका कमी करून जोर वाढवीत, तेलाची मालीश होई, शेक देत, हौदातल्या तेल, ताक, हळद घालून मळलेल्या मातीत अंग घोळवीत, आणि दुखणे हटले नाही तर हाडवैद्याकडे पाठवीत. यांतील माती व लेप यांच्या गुणाविषयी कोणी काहीही म्हणो. भार कमी करणे पण मेहनत पूर्ण न थांबविणे हा त्यातला गाभा होता. तो शास्त्र म्हणून कधी लिहिला गेला नाही म्हणूनच तो पुढच्या वादात कोणी साक्षीस बोलावला नाही.

लिहिले गेले ते आकडे. थोरल्या गामाविषयी दररोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर हा आकडा सर्वतोमुखी आहे. समर्थ रामदासांच्या बाराशे सूर्यनमस्कारांची परंपराही अशीच. या आकड्यांचे काय करावे? दोन सेकंदांस एक या वेगाने पाच हजार बैठकांस सुमारे पावणेतीन तास लागतात. म्हणजे गोष्ट अशक्य कोटीतली नव्हे. परंतु ती रोजची होती की ऐन उमेदीतली, सलग होती की सकाळ-संध्याकाळ विभागलेली, याचा त्या गोल आकड्यात मागमूस नाही. असे आकडे लौकिकाचे असतात. ते पुरुषाची थोरवी सांगतात, त्याच्या गुडघ्याची हकीकत सांगत नाहीत. बैठकांचे समर्थक गामाचा दाखला देऊन 'इतक्या बैठका मारूनही त्याला काही झाले नाही' असे म्हणतात, तेव्हा ते नकळत एक मोठी तर्कदुष्टता करीत असतात. ज्याला काही झाले नाही तोच गामा झाला. ज्याचा गुडघा दहा हजारांपैकी पहिल्या पाचशेतच सुजला, तो तालीम सोडून शेतावर वा गिरणीत गेला आणि त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. दरबारी हिशेबांत पैलवानाला दिलेले बक्षीस, खुराकाची नेमणूक, क्वचित इनाम सापडते. तालीम सोडलेल्याचे दुखणे सापडण्याचे कारणच नाही. व्यायामाच्या इतिहासकाराला ही विजेत्यांची एकतर्फी दप्तरे घेऊनच काम करावे लागते आणि म्हणून त्यांवरून निरुपद्रवित्व सिद्ध करणे त्याने टाळले पाहिजे.

उलट बाजूची चूकही तितकीच सोपी आहे. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक स्पर्धेत मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची वाट गुडघ्याच्या दुखापतीने अडविली, असे त्यांच्या चरित्रपर लेखनात सांगितले जाते. यावरून बैठकांकडे बोट दाखविणारा कोणी निघाला तर त्याला विचारले पाहिजे की, कुस्तीत गुडघा कशाने जातो? पाय मातीत वा गादीत रुतलेला असता अंग फिरते, प्रतिस्पर्ध्याचे वजन आडवे येते, आणि सांधा ज्या दिशेने वळण्यासाठी घडलेला नाही त्या दिशेने पिळला जातो. हा घात पिळाचा असतो. सरळ रेषेत वर-खाली होणाऱ्या हालचालीशी त्याचा संबंध जोडण्यास आधार लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तालमीच्या मेहनतीला नवी प्रतिष्ठा व नवे प्रतिस्पर्धी दोन्ही लाभले. लोकमान्य टिळकांनी महाविद्यालयाचे पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालविले, ही गोष्ट सुशिक्षित वर्गात व्यायाम शिरल्याची खूण आहे. १९०४-०५ मध्ये सँडो हिंदुस्थानात येऊन गेला आणि डंबेल्सची हवा पसरली. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी स्वतः काही वर्षे सँडोची पद्धत केली आणि नंतर ती सोडून सूर्यनमस्काराचा प्रसार आरंभिला. अमरावतीस १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्यास १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ, त्याच वर्षी लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम, अशा संस्था उभ्या राहिल्या. दुसरीकडे मद्रासला हॅरी बक या अमेरिकन गृहस्थाने १९२० मध्ये ख्रिस्ती तरुण संघाचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले, आणि मुंबई इलाख्यात १९३८ मध्ये कांदिवलीचे सरकारी प्रशिक्षण केंद्र निघाले. शारीरिक शिक्षण हा आता वस्तादाच्या हातून शिक्षकाच्या हाती जाणारा विषय झाला. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' प्रसिद्ध करून तालमीचे ज्ञान पुस्तकात आणले. त्यात दंड-बैठकांच्या अनेक प्रकारांची सचित्र वर्णने आहेत. मराठीत या विषयावर याच्या तोडीचे दुसरे काम नाही. तथापि पुस्तकात प्रकार येतो, आकृती येते. वस्तादाची नजर येत नाही. हालचाल कशी करावी हे छापता आले, आज या पोराने किती करावी हे छापता आले नाही.

याच सुमारास अमेरिकेत वजनाच्या बैठकीचे युग सुरू झाले होते. जर्मनीहून गेलेल्या हेन्री 'मायलो' स्टाइनबॉर्न या बलवानाने १९२१ च्या सुमारास तेथे जड बारबेल घेऊन पूर्ण खोल बैठक मारून दाखविली आणि पुढील दशकात बलसंवर्धनाच्या मासिकांनी तिचा गाजावाजा केला. साठाच्या दशकात ऑलिंपिक भारोत्तोलनातही पाय पुढे-मागे फाकण्याच्या पद्धतीऐवजी खोल बसून वजन पकडण्याची पद्धत सरसावली. महायुद्धोत्तर काळात अमेरिकन महाविद्यालये आपल्या खेळाडूंना वजने उचलू द्यावीत की नाही, याचा ऊहापोह करीत होती. क्लाईनचा लेख या पार्श्वभूमीवर आला.

क्लाईनने सव्वाशेहून अधिक भारोत्तोलक तपासले आणि खोल बैठका न मारणाऱ्या विद्यार्थ्यांशी त्यांची तुलना केली. गुडघा बाजूस किती लवतो हे मोजण्यासाठी त्याने स्वतः एक उपकरण तयार केले होते. भारोत्तोलकांचे गुडघे अधिक सैल आढळले, म्हणून खोल बैठक टाळून मांडी जमिनीशी समांतर होईपर्यंतच जावे, असा सल्ला त्याने दिला. बैठक सर्वस्वी सोडा असे त्याचे म्हणणे नव्हते, हे त्याच्या टीकाकारांनी व अनुयायांनी सारखेच विसरून टाकले. १९६२ च्या मार्चमध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या लोकप्रिय साप्ताहिकाने गुडघा वाकविण्यासाठी नाहीच अशा आशयाच्या मथळ्याखाली ही गोष्ट घरोघर पोचविली, अमेरिकन वैद्यक संघटनेच्या क्रीडासमितीने सावधगिरीचा इशारा दिला, आणि शाळा-महाविद्यालयांतून खोल बैठक हद्दपार होऊ लागली.

गुडघा वाकविण्यासाठी नाही! मराठवाड्यातील ज्या बाया दिवसभर उकिडव्या बसून खुरपणी करतात, ज्या घरांत जेवण, पूजा, दळण, शौच सारे काही गुडघा पूर्ण मिटूनच होते, तेथे हे वाक्य विनोद म्हणूनच खपले असते. ज्या समाजात लोक लहानपणापासून खुर्चीवर बसतात तेथे पूर्ण वाकलेला गुडघा ही विशेष घटना असते. येथे ती दिवसातून दहा वेळा घडते. मात्र या आपल्या सवयीचाही गौरव करण्यात घाई नको. बीजिंग येथील वृद्धांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तरुणपणी दिवसाचे कित्येक तास उकिडवे बसलेल्यांत गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण अधिक आढळले. तेथेही प्रश्न तासांचा होता. वाकण्याने झीज होते असे त्यातून निघत नाही. तासन्‌तास तसेच राहण्याविषयी मात्र ती पाहणी सावध करते.

क्लाईनचा निष्कर्ष शास्त्रात फार काळ टिकला नाही. त्याच्या उपकरणाने घेतलेले माप तपासणाऱ्याच्या हाताच्या जोरावर अवलंबून असे आणि समोरचा मनुष्य बैठका मारणारा आहे की नाही हे तपासणाऱ्यास आधीच ठाऊक असे, हे दोष दाखविले गेले. १९७१ मध्ये मेयर्स याने केलेल्या अभ्यासात खोल व अर्धी बैठक यांनी अस्थिबंधांच्या स्थैर्यात फरक पडल्याचे दिसले नाही; १९८९ मध्ये चँडलर व त्याचे सहकारी याच निर्णयास आले. भारोत्तोलनाचे अभ्यासक टेरी टॉड यांनी १९८४ मध्ये या साऱ्या प्रकरणाचा इतिहासही लिहिला. तरीही सल्ला मागे राहिला. शास्त्रीय लेख मोडीत निघाला म्हणून त्यावर पोसलेली शिकवण मोडीत निघत नाही, याचे हे नमुनेदार उदाहरण होय. आजही व्यायामशाळेत नवागताला पहिल्या दिवशी दोन नियम सांगितले जातात : मांडी समांतर झाली की थांब, आणि गुडघा अंगठ्याच्या पुढे जाऊ देऊ नकोस. सांगणाऱ्याला क्लाईनचे नाव ठाऊक नसते.

परंतु या वादाचा खरा दोष निराळाच आहे, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. क्लाईनने अस्थिबंधांचा सैलपणा मोजला. बैठका मारणारा मनुष्य तक्रार करतो ती गुडघा सैल पडल्याची नसते. त्याचा गुडघा पुढच्या बाजूस दुखतो. वाटीच्या मागे किंवा वाटीच्या खालच्या टोकाशी, जेथून जाड कंडरा नडगीच्या हाडाकडे जाते, तेथे बोट ठेवून तो जागा दाखवितो. खुर्चीतून उठताना, जिना उतरताना, सिनेमागृहात दोन तास बसल्यावर तेथे ठणका लागतो. हे दुखणे अस्थिबंधाचे नसते. म्हणजे १९६१ चा वाद ज्या प्रश्नावर रंगला तो दुखणाऱ्या माणसाचा प्रश्नच नव्हता. खोलीचा नियम त्याच्या हाती दिला गेला, त्याने तो निमूटपणे पाळला, आणि समांतरापर्यंतच जायचे म्हणून दांडीवर आणखी दहा किलो चढविले.

या शेवटच्या गोष्टीचा परिणाम काय होतो, हे अलीकडील मापनांनी दाखविले आहे. हार्टमान व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार वाटीवरील दाब गुडघा काटकोनात असताना सर्वाधिक असतो. त्याहून खोल गेल्यावर मांडीच्या स्नायूची कंडरा हाडाला गुंडाळली जाऊन टेकते आणि भार अधिक पृष्ठभागावर वाटला जातो. अर्ध्या बैठकीत मनुष्य अधिक वजन पेलू शकतो, म्हणून अर्धी बैठक सुरक्षित हे समीकरण उलटेच पडण्याचा संभव. 'गुडघा अंगठ्यापुढे नको' या नियमाचीही परीक्षा झाली. २००३ मध्ये फ्राय आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गुडघ्यापुढे फळी उभी करून व न करता, अशा दोन्ही प्रकारे बैठका मारून पाहिल्या. फळीने गुडघ्यावरील परिबल १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आले खरे. पण कमरेच्या खुब्यावरील परिबल २८ वरून ३०३ न्यूटन-मीटरपर्यंत चढले. गुडघ्याचे ओझे नाहीसे झाले नाही, ते खुब्यावर व पाठीवर ढकलले गेले. ज्याचा गुडघा आजच दुखत आहे त्याला काही काळ असे ढकलणे सोयीचे असू शकते. सर्वांना सर्वकाळ लागू असा नियम म्हणून त्यात अर्थ नाही.

तालमीतील बैठकीत गुडघा अंगठ्याच्या पुढे चांगला वीतभर जातो. नव्या नियमानुसार ती अक्षम्य ठरावी. भार फक्त देहाचा असल्याने एकेका बैठकीत ती निभावते. कंडरेला जाच होतो तो संख्येने, आणि विशेषतः संख्या एकाएकी वाढल्याने. कंडरा स्नायूपेक्षा मंदगतीने बदलते. तीन आठवड्यांत मांडी दुप्पट बैठका मागू लागते, तेव्हा वाटीखालचा तो पट्टा अजून तयार झालेला नसतो. वस्ताद आठवड्याने नव्हे, महिन्याने व हंगामाने संख्या वाढवी, यामागचे कारण त्याने सांगितले नसेल. परिणाम त्याला ठाऊक होता.

उपचाराच्या इतिहासाला येथे एक विलक्षण वळण मिळते. जी बैठक १९६१ मध्ये आरोपी होती, तीच एकविसाव्या शतकाच्या आरंभी वाटीखालच्या कंडरेच्या जुनाट दुखण्यावरील उपाय म्हणून पुढे आली. २००४ मध्ये पर्डम व त्याच्या सहकाऱ्यांनी पंचवीस अंशांनी उतरत्या फळीवर, टाच वर व बोटे खाली अशा स्थितीत, एका पायाने सावकाश खाली जाण्याचा व्यायाम रुग्णांना देऊन पाहिला आणि सपाट जमिनीवर त्याच व्यायामाने मिळालेल्या फळापेक्षा अधिक चांगले फळ मिळाले. २००९ मध्ये डेन्मार्कमधील काँग्सगार्ड आणि त्याचे सहकारी यांनी ३९ रुग्णांत तीन उपायांची तुलना केली : स्टेरॉइडचे इंजेक्शन, उतरत्या फळीवरील बैठक, आणि जड वजनाने पण अतिशय सावकाश केलेल्या बैठका व तत्सम व्यायाम. बारा आठवड्यांनी तिन्ही गटांना आराम पडलेला होता. सहा महिन्यांनी इंजेक्शनचा गट पुन्हा मागे गेला, सावकाश वजनाचा गट टिकून राहिला. पूर्ण विश्रांती देऊन कंडरा बरी होत नाही, तिला सोसवेल असा भार सतत द्यावा लागतो, ही आजची सर्वसाधारण समजूत अशा अभ्यासांतून घडली.

टाच उचललेली बैठक म्हटल्यावर तालमीची आठवण होणे स्वाभाविक आहे. 'हे तर आमच्याकडे आधीच होते' असे म्हणण्याचा मोह मराठी वाचकाला होईल. तो टाळावा. तालमीची बैठक वेगवान व दोन्ही पायांची, उपचाराची बैठक संथ व बहुधा एका पायाची; एकीचा हेतू दम व पीळ, दुसरीचा हेतू दुखऱ्या भागाला मोजका भार. बाह्य आकार जुळला म्हणून पूर्वज ठरत नाही. जुळते ते दुसऱ्या ठिकाणी : दुखऱ्या गुडघ्याची मेहनत पूर्ण बंद न करता ती कमी करून चालू ठेवणे, आणि उद्या सकाळी गुडघा काय म्हणतो ते पाहून पुढची मात्रा ठरविणे.

छत्रपती संभाजीनगरात या प्रश्नाला आज निराळेच निकडीचे रूप आले आहे. विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे आणि तेथील खेळाडूंना प्रशिक्षक व वैद्यकीय सल्ला मिळतो. परंतु बैठका मारणाऱ्यांची फार मोठी संख्या त्या कुंपणाबाहेर आहे. मराठवाड्याच्या खेड्यांतून पोलीस व सैन्य भरतीसाठी आलेली मुले-मुली खोली घेऊन राहतात आणि पहाटे मैदानावर उतरतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर धावावे लागते, शंभर मीटरची शर्यत असते, गोळाफेक असते. जाहिरात निघाली की वेळ थोडा उरतो. मग सकाळी डांबरी रस्त्यावर धावणे, त्यानंतर शे-दोनशे बैठका आणि संध्याकाळी व्यायामशाळेत बारबेल, असा तिहेरी भार एकाच गुडघ्यावर, एकाच आठवड्यात चढतो. यांतील कोणताही एक भाग स्वतंत्रपणे जड नाही. एकूण बेरीज करणारा कोणी नाही. धावण्याचा शिक्षक धावणे मोजतो, व्यायामशाळेतील शिक्षक वजन मोजतो, आणि बैठका मुले आपापसांत पैजेवर मारतात.

बैठकीचा आणखी एक वापर या संदर्भात नोंदविण्याजोगा आहे. शाळेतील उठाबशा ही शिक्षा म्हणजे तीच हालचाल, तयारीशिवाय आणि संख्येच्या जोरावर. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस बंदी आली. सवय अजून पुरती गेलेली नाही. अनभ्यस्त माणसाने एकाएकी शेकडो बैठका मारल्यास मांडीचे स्नायू फुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडाला इजा करतात, हे वैद्यकास चांगले ठाऊक आहे. ज्या हजार बैठका पैलवानाची रोजची मेहनत, त्यांतल्या तीनशे अनभ्यस्त पोराला रुग्णालयात नेऊ शकतात. हालचालीत काडीचाही फरक नसतो.

भरतीच्या उमेदवाराचा गुडघा पुढून दुखू लागला, तर आजच्या ज्ञानानुसार त्याने करावयाचे असे : धावणे व वजन यांपैकी ज्याने दुखणे वाढते ते निम्म्यावर आणावे, बैठका सोसेल तितक्याच खोलीपर्यंत व सावकाश माराव्यात, खाली जाण्यास तीन-चार सेकंद घ्यावेत, भिंतीला पाठ टेकून गुडघे वाकवून अर्धा-पाऊण मिनिट स्थिर राहण्याचा सराव करावा, आणि चोवीस तासांनी दुखणे आदल्या दिवसाइतकेच राहिले तरच पुढच्या आठवड्यात थोडी वाढ करावी. व्यायामाच्या वेळी थोडी कळ जाणवली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. दुसऱ्या सकाळी जिना उतरताना ती वाढलेली आढळली तर मात्रा चुकली. गुडघा सुजला, मध्येच अडकला, किंवा चालताना दगा देऊ लागला, तर मात्र ते वाटीचे साधे दुखणे नव्हे. कूर्चा वा अस्थिबंधाची इजा असू शकते आणि मालीश करणाऱ्याकडे न जाता अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाणे अवश्य. शहरात १९५६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि 'घाटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या रुग्णालयात ही तपासणी होते. भरतीची तारीख जवळ आली असता सहा ते बारा आठवडे हा काळ उमेदवाराला फार वाटतो. कंडरेला मात्र तेवढा लागतोच.